गोल्डफिश सकाळी पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकतात, दुपारपर्यंत बरे होतात. नेमकं काय बिघडलंय?

तुम्ही लिहिलंय की टँक दोन फुटी आहे, त्यात पाच गोल्डफिश आहेत, थोडी झाडं आहेत आणि आवाजाने झोप लागत नाही म्हणून रात्री एअर पंप बंद करता. तुमच्या प्रश्नाचं बरंचसं उत्तर या वर्णनातच आहे. पण आधी तातडीचं सांगतो.

मासे आत्ता वर असतील तर पंप लावा. तांब्याने टँकमधलंच पाणी घ्या आणि वीतभर उंचीवरून परत आत सोडत राहा, दहा मिनिटं तरी. वीज गेली असली तरी हा उपाय करता येतो. मग पाव टँक पाणी बदला. नवीन पाणी क्लोरीन घालवलेलं आणि जुन्याइतकंच कोमट-गार हवं. आज खाणं घालू नका.

आता कारण. २५ अंश तापमानाच्या एक लिटर पाण्यात फार तर ८ मिलिग्रॅमच्या थोडा वर ऑक्सिजन मावतो, आणि एक लिटर हवेत मात्र सुमारे २७० मिलिग्रॅम असतो. खडी आणि वरची मोकळी जागा सोडली तर तुमच्या टँकमध्ये ४५ लिटरच्या आसपास पाणी असेल. म्हणजे टँकभर पाण्यातला सगळा ऑक्सिजन गोळा केला तरी तो दीड लिटर हवेत असतो त्यापेक्षा कमीच भरेल. या तुटपुंज्या साठ्यावर पाच मासे, झाडं आणि खडीतले जिवाणू असे सगळेच जगतात. तो सतत भरत राहावा लागतो, आणि झाडं दिवसा देतात ते सोडलं तर तो भरतो फक्त पाण्याच्या वरच्या थरातून.

म्हणूनच बुडबुड्यांवर फार विसंबू नका. बुडबुडा तळापासून वर यायला सेकंद-दोन सेकंद घेतो, तेवढ्या वेळात त्यातून पाण्यात फारसं काही उतरत नाही. त्याचं खरं काम खालचं पाणी वर ढकलणं आणि वरचा थर हलवणं. एअरस्टोन (पंपाच्या नळीच्या टोकाचा, बुडबुडे सोडणारा दगड) चालू आहे पण टँकच्या अर्ध्या भागात पाणी आरशासारखं स्थिर आहे, असं असेल तर त्या अर्ध्या भागाला त्याचा फारसा उपयोग नाही.

रात्री लाईट बंद झाला की झाडं ऑक्सिजन द्यायचं थांबतात आणि उलट घेऊ लागतात. त्यात पंपही बंद. त्यामुळे पातळी उतरत उतरत पहाटे सगळ्यात खाली जाते. दिवस वर आला, पंप लागला की मासे सावरतात. ‘सकाळी त्रास, दुपारी बरं’ यावरूनच मला ऑक्सिजन कमी पडतोय याची खात्री वाटते. पाणी बदलल्यावर लगेच त्रास झाला असता तर मी आधी क्लोरीन तपासायला सांगितलं असतं. दिवसभर, पंप चालू असतानाही झाला असता तर अमोनिया किंवा नायट्राइट, म्हणजे माशांच्या घाणीतून पाण्यात साचणारी विषारी द्रव्यं. नायट्राइटने कल्ले तपकिरी दिसू लागतात. आणि एकटाच मासा कोपऱ्यात धापा टाकत असता तर कल्ल्यांचा रोग. (फायटर किंवा गुरामी पाळत असाल तर ते वर येऊन हवा घेतातच, त्याची काळजी नको.)

हे मी शिकलो ते एक मासा गमावून. आमच्याकडे जळगावला मे महिन्यात घरात ठेवलेलं पाणीही ३२ अंशांवर जातं, आणि तेवढ्या तापमानाला पाण्यात ऑक्सिजन लिटरमागे ७ मिलिग्रॅमच्या थोडाच वर राहतो. त्याच वेळी माशांची भूक आणि श्वासाची गरज मात्र वाढलेली असते. त्या रात्री साडेनऊला मी दोन चिमटी खाणं घातलं, अकराला वीज गेली ती पहाटे आली. सकाळी माझा सगळ्यात मोठा, पांढऱ्या पोटाचा गोल्डफिश तळाशी होता, तोंड उघडं, कल्ले ताणलेले. आधी मोठेच जातात, कारण लहानांपेक्षा त्यांना एकूण ऑक्सिजन जास्त लागतो. मी फिल्टरचा स्पंज काढून बादलीत पिळला तेव्हा चहाच्या चोथ्यासारखा गाळ निघाला. तो गाळ कुजवणारे जिवाणूही रात्रभर ऑक्सिजनच खात होते. शिवाय अमोनियातल्या एका मिलिग्रॅम नायट्रोजनचं नायट्रेट करायलाच दुसऱ्या जिवाणूंना साडेचार मिलिग्रॅमच्या आसपास ऑक्सिजन लागतो. तेव्हापासून मी संध्याकाळी सहानंतर खाणं घालत नाही.

तुम्ही काय करायचं ते आता. पंप चोवीस तास चालू. आवाज बहुतेक वेळा पंप फळीवर थरथरतो त्याचा असतो. खाली घडी घातलेला जाड टॉवेल ठेवा किंवा पंप दोरीने टांगा. तो पाण्याच्या पातळीच्या वर असू द्या, नाहीतर वीज गेल्यावर पाणी पाइपातून उलटं पंपात येतं. जागा नसेल तर पाइपात वन-वे व्हॉल्व्ह लावा, दुकानात अगदी स्वस्तात मिळतो. स्पंज दर पंधरा दिवसांनी पिळा, पण टँकमधूनच काढलेल्या पाण्यात. नळाखाली धुतला तर क्लोरीनने उपयोगी जिवाणू मरतात. पाण्यावर तेलकट, इंद्रधनुषी साय दिसते का, तेही बघा. ती असली तर हवा आत जायला अडते. वर्तमानपत्राचा कागद पाण्यावर अलगद टेकवून ओढून घेतला की ती निघून येते. उन्हाळ्यात झाकण उघडं ठेवून टेबलफॅनचा वारा पाण्यावरून सोडला की दोनेक अंश सहज उतरतात, फक्त उडून जाणारं पाणी रोज भरावं लागतं. तुमच्याकडे भारनियमन असेल तर पॉवर बँकेवर चालणारा छोटा पंप घेऊन ठेवा.

राहिला आकड्याचा प्रश्न. पाच गोल्डफिश या टँकला जास्त आहेत. आत्ता ते दोन-अडीच इंचांचे असतील, पण नीट वाढले तर सहा-सात इंच होतात. निदान तीन मासे तरी मोठा टँक असलेल्या कुणाला द्या, किंवा स्वतः चार फुटीचा विचार करा. तोवर आज रात्री पंप चालू ठेवून झोपा आणि उद्या पहाटे खोलीतला दिवा लावायच्या आधी मोबाईलचा अंधुक उजेड टँकवर धरून बघा. पाचही जण खाली खडीजवळ निवांत असतील तर दोष पंप बंद ठेवण्याचाच होता. तरीही वरच असतील तर दुकानातून अमोनिया-नायट्राइटचं टेस्ट किट आणा आणि आकडे इथेच लिहा, मी बघतो.