घरी गिअरबॉक्स उतरवायला ट्रान्समिशन जॅक कोणता घ्यावा?

बोलेरोचा क्लच घरीच बदलायचाय, 2 टनाचा ट्रॉली जॅक आधीच आहे, मग वेगळा ट्रान्समिशन जॅक घ्यायलाच हवा का आणि घ्यायचा तर किती टनाचा, असं तुम्ही विचारलंय.

घ्या. आणि टनाचा विचार डोक्यातून काढून टाका. बाजारातला साधा ट्रान्समिशन जॅकसुद्धा अर्ध्या टनाच्या आसपासचा असतो, आणि तुमचा गिअरबॉक्स दोन माणसं उचलून बाजूला ठेवतात. वजन पेलणं हे या जॅकचं मुख्य काम नाहीच. गिअरबॉक्स हव्या त्या कोनात, हवा तितका वेळ, न हलता धरून ठेवणं हे त्याचं काम. हे ज्यांना मान्य नसतं ते म्हणतात, जॅक कशाला, छातीवर घ्यायचा आणि ढकलायचा.

हे वाक्य मी लहानपणापासून ऐकत आलोय. माझ्या थोरल्या चुलतभावाचं गॅरेज आहे, आम्ही सगळे त्याला दादाच म्हणतो. इंजिनाचा नुसता आवाज ऐकून कुठला टॅपेट ढिला आहे ते सांगणारा माणूस. पाने धरायला मी त्याच्याकडेच शिकलो आणि त्याच्या कामाबद्दल मला आदर आहे. पण गिअरबॉक्सच्या बाबतीत तो चूक आहे, तेव्हाही होता आणि आजही आहे.

एका पावसाळ्यात त्याच्याकडे एक पिकअप क्लचसाठी आली होती. जुनी प्लेट काढून नवीन प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग असा सेट बसवून झाला होता, फक्त गिअरबॉक्स चढवायचा राहिला होता. दादा मागच्या बाजूला, हेल्पर पोरगा पाठीवर झोपून बेल हाउसिंगखाली (गिअरबॉक्सचा इंजिनाला जोडला जाणारा घंटेसारखा भाग), गिअरबॉक्स त्याच्या छातीवर आणि दोन्ही हात खालून लावलेले. मी दुसऱ्या बाजूने बॅटरी धरून आडवा. गिअर ऑईल आधी काढलेलं नव्हतं, ते शेपटाकडून गळत होतं आणि फरशी आधीच ओली. इनपुट शाफ्ट, म्हणजे गिअरबॉक्सचा पुढे निघालेला दांडा, प्लेटच्या दात्यांत काही केल्या जाईना. दादा सांगतोय, जरा वर घे, आता डावीकडं, आणखी जरा वर. पोराचे दंड थरथरायला लागलेले मला दिसत होते. फट किती राहिली ते बघायला त्याने एक हात काढून बोटं बेल हाउसिंग आणि इंजिनाच्या मधे घातली, आणि नेमका त्याच क्षणी शाफ्ट दाते सापडून सटकन आत गेला.

टॉमी (लोखंडी पहार) घालून फट उघडेपर्यंत त्याची दोन बोटं आतच होती. एकाचं नख गेलं ते परत आलं. दुसरं बोट शेवटच्या पेरात आजही वाकत नाही. पोरगा आता दुसऱ्या गावात स्वतःचं पंक्चरचं दुकान चालवतो, भेटला की आपुलकीने चहा पाजतो, आणि कप धरताना ते बोट सरळच राहतं. दादा तेव्हा म्हणाला, या धंद्यात एवढं चालायचंच. मला ते पटलं नाही. धंद्यात हात काळे होणं चालायचंच, सांधा निकामी होणं नाही.

पुढचं ऐका, कारण तुमच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर त्यात आहे. तीच पिकअप थोड्याच दिवसांत परत आली. पहिल्या गिअरमधे उचलताना सगळी गाडी थडथडायची. दादाने प्लेट बनवणाऱ्याला शिव्या घातल्या. उघडून बघितली तर प्लेटचं मधलं हब वाकलेलं. हे असं होतं की शाफ्टचं टोक दात्यांत गेलेलं असतं, मागून गिअरबॉक्सला आधार नसतो, आणि सगळं वजन त्या पातळ प्लेटवर लोंबकळतं. छातीवर धरलेला गिअरबॉक्स माणूस दमला की खाली येतोच, आणि त्या दोन-चार मिनिटांत नवी प्लेट खलास होते. म्हणजे जॅकचे पैसे वाचवले आणि क्लचसेट परत आणला. मी ती प्लेट टेबलावर सपाट ठेवून दादाला दाखवली. तो म्हणाला, माल खराब आहे. आमचं भांडण तिथपासून चालू आहे.

आता जॅकवर हेच काम कसं होतं बघा. गिअरबॉक्स सॅडलवर, म्हणजे जॅकच्या माथ्यावरच्या बैठकीवर, पट्ट्याने आवळून बांधलेला. हळूहळू वर घेऊन शाफ्ट प्लेटच्या तोंडाशी आणायचा आणि थांबायचं. घाई नाही, कोणाचा दंड भरून येत नाही. इंजिन जागेवर किंचित मागे झुकलेलं असतं, तेवढाच गिअरबॉक्सही झुकला पाहिजे. बेल हाउसिंग आणि इंजिन यांच्यातली फट वर, खाली, दोन्ही बाजूंना सारखी आहे का ते बघायचं, आणि बोट घालून नाही, ड्रिलचं बिट किंवा लाकडाची काडी घालून. वर फट जास्त दिसली तर सॅडलचा नॉब फिरवून नाक जरा खाली घ्यायचं, खाली जास्त दिसली तर उलट. फट चारी बाजूंना सारखी झाली की गिअर टाकून मागचा फ्लँज (गिअरबॉक्सच्या शेपटावरची चकती) हाताने सावकाश फिरवायचा. दाते जुळले की गिअरबॉक्स हलक्या धक्क्याने आत जातो. शेवटचा बोटभर जात नसेल तर बोल्ट आवळून ओढून घेऊ नका. बेल हाउसिंग ॲल्युमिनियमचं असतं, त्याचा कान तुटला की मग सेकंडहँड गिअरबॉक्स शोधत फिरायची पाळी येते. जात नाही म्हणजे कोन चुकलाय किंवा प्लेट मध्यावर नाही.

म्हणून जॅक घेताना सॅडल बघा. ती पुढे-मागे तिरकी झाली पाहिजे, जमलं तर डावी-उजवीकडेही, आणि वजन असताना नॉब हाताने फिरला पाहिजे. दुकानदाराला काहीतरी जड ठेवून फिरवून दाखवायला सांगा, आणि त्याच वेळी व्हॉल्व्ह सोडून उतरवूनही बघा. काही जॅक धपकन बसतात, ते फुकट दिले तरी घेऊ नका. साखळी किंवा पट्टा सोबत हवाच.

जमिनीवर स्टँड लावून काम करणार असाल तर बुटका, चाकांवर सरकणारा प्रकार घ्या. उंच, खांबासारखा टेलिस्कोपिक जॅक तुमच्या कामाचा नाही, त्याची सगळ्यात कमी उंचीच मीटरभर असते, तो लिफ्ट किंवा खड्डा असलेल्यांसाठी. आणि खड्ड्यातही एक अडचण असते जी कोणी सांगत नाही: गिअरबॉक्स खाली आला की तो खड्ड्यातून वर काढायला पुन्हा दोर आणि माणसं लागतात.

उंचीचा हिशोब मात्र आधी करा. बेल हाउसिंग साधारण 35 ते 40 सेंटीमीटर, त्याखाली बुटका जॅक 20 सेंटीमीटर. म्हणजे जॅकसकट गिअरबॉक्स गाडीखालून बाहेर काढायचा तर 60 सेंटीमीटर मोकळी जागा हवी. 3 टनाचे नेहमीचे स्टँड साधारण 40-42 सेंटीमीटरपर्यंतच जातात. बोलेरोला चेसिस आहे, स्टँड चेसिसला लावल्यावर बाजूने थोडी जास्त जागा मिळते, तरी मोजूनच बघा. नसेल जमत तर गाडीखालीच गिअरबॉक्स जॅकवरून पोत्यावर उतरवायचा आणि पोतं ओढून बाहेर घ्यायचं. यात काही गैर नाही, मीही असंच करतो.

आणि फरशी. शहाबादीच्या सांध्यात आणि पेव्हर ब्लॉकच्या फटीत जॅकची बारकी चाकं अडकतात. ट्रॉली जॅकचा हात वर जाताना कमानीत फिरतो, म्हणून जॅकला पुढे-मागे सरकायला जागा लागते. चाक अडकलं की जॅक सरकत नाही आणि गिअरबॉक्स ओढला जातो. जाड प्लायवूड किंवा पत्रा अंथरा.

तुमच्या 2 टनी ट्रॉली जॅकवर भागवायचं का? इंजिन पुढची चाकं फिरवतं अशा छोट्या गाडीसाठी, अल्टो वगैरे, त्यावर बसणारी ट्रान्समिशनची सॅडल मिळते, ती पुरते. मी कोल्हापूरच्या शिवाजी उद्यमनगरात एक बनवून घेतली होती, कोन बदलणारी, आणि हलक्या गिअरबॉक्सला ती उत्तम चालते. बोलेरोचा गिअरबॉक्स लांब आणि शेपटाकडे निमुळता, तो अरुंद ट्रॉली जॅकवर डोलतो. त्यासाठी रुंद पायाचा खरा ट्रान्समिशन जॅकच हवा. नवा महाग वाटत असेल तर जुना बघा, पण भार देऊन वर उचलून ठेवा आणि चहा पिऊन या. तेवढ्यात खाली बसला असेल तर सील गेलंय.

वर्षातून एकदा लागणाऱ्या गोष्टीसाठी पैसे घालू नका, असं तुम्हाला नक्की कोणीतरी सांगेल. दादाही मला हेच सांगतो. मी म्हणतो, ज्याला रोज लागतो तो निदान सरावाने वाचतो. घरी काम करणाऱ्याला सराव नाही, मदतीला असतो तो मेहुणा किंवा शेजारचा पोरगा, त्याला तर काहीच माहीत नाही. जॅकची जास्त गरज त्यांनाच आहे.

काही गोष्टी आधीच सांगायला हव्या होत्या. जॅकवर गाडी कधीच नाही, गाडी फक्त स्टँडवर, मागच्या चाकांना ओट (अडवायचा ठोकळा). गिअरबॉक्सखालचा क्रॉसमेंबर (आडवी पट्टी) आणि फाउंडेशन (त्यावरचं रबर) काढण्याआधी संपखाली, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या ऑईलच्या भांड्याखाली, लाकडाची फळी देऊन इंजिनाला वेगळा आधार द्या. वरचे बोल्ट काढायला इंजिनाची शेपूट थोडी खाली सोडावी लागते, तेव्हा पुढे पंखा रेडिएटरच्या आवरणाला टेकत नाही ना ते बघा. गिअर ऑईल आधी काढा, गिअर लिव्हर केबिनमधून सोडवा, बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. ऑटोमॅटिक गाडी असेल तर हे सगळं जसंच्या तसं लागू करू नका, तिथे टॉर्क कन्व्हर्टर (क्लचच्या जागी असणारा भाग) गिअरबॉक्ससोबतच बाहेर काढायचा असतो आणि तो पुढे घसरून पडू नये म्हणून बांधावा लागतो. ते काम पहिल्यांदा घरी करू नका.