पहिल्या खंडात प्रेमकथा कुठे आहे?

प्रश्न : एका शोजो मांगा (मुलींसाठीच्या जपानी चित्रकथा) मालिकेचा पहिला खंड मी नुकताच वाचला. नायक-नायिका अजून धड बोललेलेही नाहीत, आणि संवादाच्या फुग्यांबाहेरची मोकळी वाक्ये कोणाची, हेही उमगले नाही. पुढचा खंड घ्यावा का?

उत्तर : अवश्य घ्यावा, परंतु त्याआधी हाच खंड पुन्हा एकदा सावकाश वाचावा. जपानमध्ये या कथा आधी ‘नाकायोशी’ (१९५४ पासून) किंवा ‘रिबॉन’ (१९५५ पासून) यांसारख्या मुलींच्या मासिकांतून क्रमशः येतात आणि मग काही प्रकरणे एकत्र करून खंड निघतो, त्यामुळे पहिल्या खंडात बहुधा ओळख आणि एखादा गैरसमज एवढेच घडते. फुग्यांबाहेरची वाक्ये बहुतेक वेळा नायिकेच्या मनातली असतात, आणि माझ्या मते या प्रकाराचे खरे वैभव तिथेच आहे. समजा, तो जिन्यात वळून नुसते ‘उद्या भेटू’ म्हणतो. पान उलटताच चौकटींच्या रेघा नाहीशा होतात, पार्श्वभूमी पांढरी होते आणि तिच्या डोळ्यांशेजारी एक अर्धे वाक्य उरते. अशा पानावर थांबावे. भावनेसाठी चौकटी मोडण्याची ही रीत १९७० च्या दशकातील स्त्री-चित्रकारांनी विशेष समृद्ध केली. पानांप्रमाणेच चौकटी आणि फुगेही उजवीकडून डावीकडे घ्यावेत, नाहीतर उत्तर आधी आणि प्रश्न नंतर वाचला जातो. दुसऱ्या खंडातही दोघांपैकी कोणाविषयीच ओढ वाटली नाही, तर मालिका खुशाल सोडावी.