खळं पडलं, मीठ पाझरलं, मग पेरायचं का?

प्रश्न : चंद्राला खळं पडलंय, बरणीतलं मीठ पाझरतंय, मुंग्या अंडी घेऊन भिंतीवर चढताहेत. कावळ्यानं यंदा घरटंही दाट फांद्यांत बांधलंय. घरची थोरली माणसं म्हणतात, पाऊस दाराशी आलाय, सोयाबीन पेरून टाका. काय करावं? (मराठवाड्यातील शेतकरी)

उत्तर : थोरल्यांची नजर कच्ची नाही. हवेतला दमटपणा 75 टक्क्यांच्या वर गेला की मीठ पाझरतं. खळं पडतं ते खूप उंचावरच्या पातळ ढगांतल्या हिमकणांमुळे, आणि पावसाळी हवा येण्याआधी असे ढग बऱ्याचदा पुढे येतात. पण या खुणा फार तर एक-दोन दिवसांचं सांगतात. तेवढ्यात कडबा झाकून घ्या, हळद वाळत घातली असेल तर आत घ्या. कावळ्याच्या घरट्यावरून मात्र चार महिन्यांचा पाऊस ठरवू नका.

पेरणीचा कौल जमिनीकडूनच घ्यायचा. 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय सोयाबीनला हात लावू नका. वळवाच्या एका सरीनं वरचा थर भिजतो, बी उगवतं, मग उघडीप पडली की कोंब करपतो आणि दुबार पेरणी गळ्यात पडते. बियाण्याचा खर्च दोनदा करायची ताकद किती जणांत आहे? वीतभर खणून बघा, खालपर्यंत ओल लागली पाहिजे. तोवर घरचं बियाणं तपासा. 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवा, निदान 70 उगवले पाहिजेत.

एका खुणेला मात्र लगेच मान द्या. दुपारी ढग कोबीच्या गड्ड्यासारखा उभा वाढत गेला, वारा पडला आणि एकदम गार झोत आला, की औत सोडा. वीज चमकल्यापासून 30 सेकंदांच्या आत गडगडाट ऐकू आला तर ती 10 किलोमीटरच्या आत आहे. पक्क्या घरात जा, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नका. मोबाईलवर ‘दामिनी’ ॲप ठेवा, ते जवळपासच्या विजेची सूचना देतं. सर आली की सगळे बांधावरच्या आंब्याखाली, लिंबाखाली धावतात, आणि घात तिथंच होतो. बैलही झाडाला बांधू नका.