फॉर्म कपाटात, नंबर फ्रिजवर

ऑगस्ट आला की मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयातला नोटीस बोर्ड गच्च भरतो. १ ते ७ स्तनपान सप्ताह, ३ तारखेला अवयवदान दिन, २५ ऑगस्टपासून ८ सप्टेंबरपर्यंत नेत्रदान पंधरवडा, आणि गणपती जवळ आले की मंडळांच्या रक्तदान शिबिरांचे अर्ज. मी ३१ वर्षं अशाच एका सरकारी रुग्णालयात समाजसेवा अधीक्षक होते. पेशंटच्या भाषेत ‘नऊ नंबरच्या मॅडम’. त्या बोर्डाला लागणाऱ्या टाचण्या माझ्या ड्रॉवरमधून जायच्या आणि परत कधी यायच्या नाहीत. या महिन्यातली तुमची पत्रंही बहुतेक त्या बोर्डावरच्याच गोष्टींची आहेत.

प्रश्न : गेल्या आठवड्यात मेडिकल कॉलेजची तीन मुलं एप्रन घालून आमच्या घरी आली. सासूबाईंचं बीपी मोजलं, पाणी कुठून भरता, चूल की गॅस, घरात कोण काय खातं, सगळं वहीत लिहून घेतलं. जाताना म्हणाली, ‘आम्ही तुमचं कुटुंब दत्तक घेतलंय, आता येत राहू.’ मामंजी चिडलेत. म्हणतात, आम्हाला दत्तक घेणारी ही कालची पोरं कोण? यांना घरात घ्यावं का?
— एक गृहिणी, तालुका मोहोळ

घ्या, आणि मामंजींना सांगा की ‘दत्तक’ हा शब्द मलाही खटकतो. खरं तर ती मुलं तुमच्या घरी शिकायला येतात. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानं २०२१-२२ च्या तुकडीपासून एमबीबीएसच्या प्रत्येक विद्यार्थ्याला खेड्यातली तीन ते पाच कुटुंबं नेमून द्यायची पद्धत सुरू केली. शिक्षणाच्या काळात त्या घरांशी संबंध ठेवायचा, बीपी-शुगर बघायची, कुणाला रुग्णालयात आणायची गरज वाटली तर सरांना सांगायचं, असं ते काम.

आपल्याकडे ही कल्पना जुनी आहे. सेवाग्रामला गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, १९६९ मध्ये, डॉ. सुशीला नायर यांनी मेडिकल कॉलेज सुरू केलं. तिथं नव्या तुकडीला आधी आश्रमात राहावं लागतं, मग एक गाव दिलं जातं. मुलं त्या गावात मुक्काम करतात आणि नेमून दिलेल्या घरांत जातात. खादी घालायची, झाडू मारायचा, मग स्टेथोस्कोप. देशभरच्या मुलांना हे आता थोडं पातळ करून मिळतंय, पण मिळतंय.

तुम्ही एवढंच करा. ओळखपत्र बघा. सोबत शिक्षक किंवा आशाताई असते का ते विचारा. ती मुलं अजून डॉक्टर झालेली नाहीत, त्यामुळे त्यांनी स्वतःच्या मनानं गोळी दिली तर घेऊ नका. आणि कुणी आधार नंबर, बँकेचं पासबुक किंवा ओटीपी मागितला तर ते मेडिकल कॉलेजचे नव्हेत. सासूबाईंचं बीपी किती आलं ते मात्र तुम्ही लिहिलंच नाहीत.

प्रश्न : माझं बाळ तीन महिन्यांचं आहे. त्याचं पोट भरूनही दूध उरतं, काढून फेकावं लागतं. स्तनपान सप्ताहात दूध दान करा असं वाचलं. शेजारच्या इमारतीतल्या एका बाळाला द्यायचा विचार आहे. चालेल का?
— एक नवी आई, वाशी

तुला एकेरी लिहिते, राग मानू नकोस. फेकू नकोस, पण शेजारच्या बाळालाही परस्पर देऊ नकोस. तुझ्या अगदी जवळ, शीवच्या लोकमान्य टिळक रुग्णालयात, डॉ. आर्मिडा फर्नांडिस यांनी १९८९ मध्ये मिल्क बँक सुरू केली. आशियातली ती पहिली. तिथं आईच्या एचआयव्ही, कावीळ वगैरे तपासण्या बघतात. दूध ६२.५ अंशांवर अर्धा तास तापवून गार करतात, त्यात जंतू नाहीत ना हे तपासतात आणि मगच गोठवतात. मग ते दिवस भरायच्या आत जन्मलेल्या, काचपेटीतल्या बाळांना जातं. त्यांच्यापैकी कित्येकांना एका वेळेला चमचाभरही लागत नाही, म्हणजे तुझं एक वाटीभर दूध किती जणांना पुरेल याचा हिशेब तूच कर. फोन करून विचार, आणि बाळाचं पोट आधी.

प्रश्न : आमच्या मंडळाचं यंदा २५ वं वर्ष. पहिल्याच दिवशी २५१ बाटल्या रक्त जमवायचा संकल्प आहे. मेडिकल कॉलेजच्या रक्तपेढीत गेलो तर तिथले डॉक्टर म्हणाले, ‘एवढं नको, थोडं दिवाळीनंतर द्या.’ लोक रक्त द्यायला तयार असताना हे नको म्हणतात! याला काय म्हणावं?
— मंडळाचे सचिव, सातारा रस्ता, पुणे

शहाणपणा म्हणावं.

सचिवसाहेब, रागावू नका. तुमच्या पेठेत, शेजारच्या पेठेत, नदीपलीकडे, सगळ्यांचे संकल्प त्याच दहा दिवसांतले. पिशवीतल्या तांबड्या पेशी फार तर ३५ ते ४२ दिवस टिकतात. प्लेटलेट तर ५ च दिवस, त्याही सतत हलत्या पाळण्यात ठेवून. म्हणजे गणपतीत जमलेलं रक्त दिवाळीपर्यंत पोचत नाही. दुसरी गंमत अशी की पुरुषाला पुढचं रक्तदान ३ महिन्यांनी करता येतं आणि बाईला ४ महिन्यांनी. गणपती ते दिवाळी जेमतेम दोन महिने. ज्यानं ज्यानं मांडवात रक्त दिलं, तो दिवाळीत देऊच शकत नाही. कॉलेजं बंद, ऑफिसं बंद, नेहमीचे दाते गावाला किंवा ‘नुकतंच दिलंय’ म्हणणारे. फ्रिज रिकामा असतो तो नेमका तेव्हा, आणि पुन्हा मे महिन्यात.

आमच्याकडे थॅलेसेमियाचा एक मुलगा यायचा, सात-आठ वर्षांचा. दर तीन आठवड्यांनी त्याला रक्त लागायचं. आई सकाळी साडेसहाच्या एसटीनं निघायची, डब्यात पोहे, आणि त्याची रंगपेटी. मे महिन्यात एकदा त्याच्या गटाची पिशवी नव्हती. दुपारी तीनपर्यंत तो माझ्या खोलीतल्या बाकावर बसला आणि जुन्या केसपेपरच्या पाठीवर त्यानं गणपती काढला. सोंड उजवीकडे. ओठ पांढरेफटक, पण रंग भरताना रेघेबाहेर गेला नाही. पिशवी संध्याकाळी मिळाली, आमच्याच लॅबमधल्या एका शिपायानं दिली म्हणून. त्याच्या आदल्या सप्टेंबरात आम्ही मुदत संपलेल्या पिशव्या रजिस्टरला लिहून टाकून दिल्या होत्या. तो आकडा मला पाठ आहे, पण इथं देत नाही.

तेव्हा संकल्प मोडू नका, तो कापा. १०० मांडवात, बाकीच्यांची नावं, गट आणि फोन वहीत. रक्तपेढी बोलावेल तेव्हा दहा-दहा जण पाठवा, काही दिवाळीच्या सुट्टीत आणि काही मेमध्ये. फ्लेक्सवर आकडा २५१ च लिहा, माझी हरकत नाही.

शिबिराच्या दिवसाचं थोडं. वय १८ ते ६५, पण आयुष्यात पहिल्यांदा देणारा ६० च्या पुढचा नको. वजन ४५ किलोच्या वर, हिमोग्लोबिन १२.५. इन्सुलिनवर असलेल्यांना घेत नाहीत. गेल्या वर्षभरात टॅटू काढलेली पोरं तुमच्याकडे बरीच असतील, त्यांना पंगत वाढायला ठेवा. उपाशीपोटी कुणाला झोपवू नका. हरतालिका, ऋषिपंचमीच्या उपासाच्या बायका त्या दिवशी नकोत. आणि पाहुण्यांची वाट बघू नका! एका शिबिरात उद्घाटकांसाठी दाते दोन तास ताटकळले. सकाळी आठला खाल्लेली मुलं, साडेअकराला रक्त दिलं, चौघं जण खुर्चीवरून घसरली. तोवर लिंबू सरबताचा ड्रम पाहुण्यांच्या कार्यकर्त्यांनी रिकामा केला होता.

प्रश्न : ताई, माझं वय ७४. पत्नी सहा वर्षांपूर्वी गेली. मी २०११ साली देहदानाचा फॉर्म भरला, कार्ड बँकेच्या लॉकरमध्ये आहे. आता अवयवदान दिन, नेत्रदान पंधरवडा असं सगळं येतंय, तर प्रत्येकाचा वेगळा फॉर्म भरायचा का? मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, शुगर आहे. मुलगा पुण्यात. सुनेसमोर विषय काढला की ती म्हणते, ‘बाबा, असलं बोलू नका.’
— एक वाचक, मिरज

काका, कार्ड आधी लॉकरमधून काढा. माणूस गेल्यावर लॉकर कधी उघडतो, हे तुम्हाला मी सांगायला नको.

एक निवृत्त शिक्षक होते. त्यांचा मुलगा एक दिवस माझ्याकडे आला, डोक्याचे केस नुकते उतरवलेले. हातात प्लास्टिकच्या पिशवीत घडी घातलेला आमचाच फॉर्म. बाराव्या दिवशी विम्याचे कागद शोधताना सापडला. ‘यात दोन साक्षीदार आहेत, मॅडम, दोघं बाबांच्या आधीच गेले. आता काय करू?’ मी त्याला चहा मागवला आणि फॉर्म फाईलला लावला. करण्यासारखं काहीच नव्हतं. वडलांनी आम्हाला सांगितलं होतं, सरकारला सांगितलं होतं, घरात तेवढं राहिलं होतं.

आता तुमचा घोळ सोडवते. या तीन वेगळ्या गोष्टी आहेत आणि बोर्डावर तिन्ही एकाच रंगात छापतात.

मृत्यूनंतरचं अवयवदान, म्हणजे किडनी, यकृत, हृदय, हे घरी मृत्यू आला तर होत नाही. मेंदू मृत झालाय पण व्हेंटिलेटरमुळे हृदय चालू आहे, अशाच पेशंटचं होतं, तेही मान्यताप्राप्त रुग्णालयाच्या आयसीयूत. चार डॉक्टरांचं पथक सहा तासांच्या अंतरानं दोनदा तपासतं. १९९४ च्या मानवी अवयव प्रत्यारोपण कायद्यानं तसं बांधून दिलंय. त्याच वर्षी ३ ऑगस्टला दिल्लीच्या एम्समध्ये देशातलं पहिलं यशस्वी हृदय प्रत्यारोपण झालं, म्हणून २०२३ पासून अवयवदान दिन ३ तारखेला. आधी तो २७ नोव्हेंबरला असायचा. जुन्या कॅलेंडरवर तुम्हाला तसाच दिसेल.

नेत्रदान घरी होतं. सहा तासांच्या आत. मोतीबिंदू, चष्मा, शुगर, बीपी, कशाचीही अडचण नाही. काढतात ती बुबुळावरची पारदर्शक काच, कॉर्निया, आणि तिला तुमच्या शुगरशी देणंघेणं नसतं. रेबीज, एचआयव्ही, ब किंवा क कावीळ, रक्ताचा कर्करोग असेल तर मात्र घेत नाहीत. पथक घरी येतं, वीस मिनिटांत काम होतं, चेहरा होता तसाच राहतो. ते येईपर्यंत पापण्या मिटून वर ओल्या कापसाच्या घड्या, डोक्याखाली उशी आणि पंखा बंद. पंखा बंद करणं फार अवघड असतं हो. माणसं जमलेली, उकाडा, आणि कुणीतरी येऊन बटण दाबतंच. मी बटणावर चिकटपट्टी लावायला सांगायचे.

देहदान त्याच्या पुढचं. डोळे दिल्यावरही देह देता येतो. शवविच्छेदन झालेला देह मात्र शरीररचनाशास्त्र विभाग घेत नाही, त्यामुळे अपघात, पोलीस केस असेल तर विसरा. डॉक्टरांचा मृत्यूचा दाखला, तुमचं आणि जवळच्या नातलगाचं आधार, आणि शक्य तितक्या लवकर. गाडी कॉलेज पाठवतं की आपली न्यायची, रात्री आणि सुट्टीच्या दिवशी कोण घेतं, हे प्रत्येक ठिकाणी वेगळं आहे. आत्ताच फोन करून विचारून ठेवा.

नवीन फॉर्म? हवा तर भरा. पण तुम्ही शंभर फॉर्म भरलेत आणि त्या वेळी मुलगा नको म्हणाला, तर कुठलंही कॉलेज देह घेणार नाही, घेऊही नये. आणि तुम्ही एकही भरला नाहीत पण मुलानं फोन केला, तर डोळे नक्की घेतले जातील. सगळं त्या एका फोनवर आहे. म्हणून दोन नंबर, नेत्रपेढीचा आणि शरीररचनाशास्त्र विभागाचा, जाड मार्करनं लिहून फ्रिजवर लावा. शेजाऱ्यांनाही द्या, कारण मुलगा पुण्याहून येईपर्यंत पाच तास जातील आणि पहिला माणूस तेच असतील.

राहिली सूनबाई. तिच्याशी वाद घालू नका. नवीन तुकडीचे प्रवेश संपले की मेडिकल कॉलेजात पहिल्या वर्षाच्या मुलांची शपथ असते. ज्या देहावर शिकायचं त्याच्यासमोर उभं राहून घेतात. काही ठिकाणी दात्यांच्या घरच्यांनाही बोलावतात. आमच्याकडे एकदा एक आजी आल्या होत्या, नवऱ्याचा देह दिलेल्या. अठरा वर्षांची पोरं, एप्रनवर दुकानातल्या घडीच्या रेघा तशाच. शपथ म्हणताना निम्म्यांचा आवाज फुटत नव्हता. आजींनी मला हळूच विचारलं, ‘आमचे कुठल्या टेबलावर?’ ते सांगत नाहीत, तिथं नावं नसतात, नंबर असतात. मी तसं सांगितलं. त्या म्हणाल्या, ‘असू दे, शाळेतही ते मागच्याच बाकावर बसायचे,’ आणि पिशवीतून पेढ्यांचा पुडा काढला.

मिरजेत मेडिकल कॉलेज आहेच. विभागात जाऊन शपथ कधी आहे आणि बाहेरच्यांना येऊ देतात का ते विचारा. देत असतील तर सुनेला ‘चल जरा माझ्याबरोबर’ एवढंच म्हणा. साडेआठच्या आत पोचा; नंतर ओपीडीची गर्दी होते आणि स्कूटर लावायला जागा मिळत नाही.