गोळी घेतली म्हणजे विश्वास कमी पडला का?

"मॅडम, रोज प्रार्थना करते तरी बरं वाटत नाही, वरून गोळ्या पण घ्याव्या लागतात, म्हणजे माझा विश्वासच कमी ना?" समुपदेशक म्हणून हे मी नाशिकमधल्या कितीतरी ख्रिस्ती घरांतल्या माणसांकडून ऐकलंय. त्यातल्या एकीची गोष्ट सांगते, तिला विचारून, ओळख पटेल असं सगळं बदलून.

पस्तिशीची, नाशिकरोडहून यायची. पाचव्या महिन्यात बाळ गेलं, पाठोपाठ नोकरी गेली. पहाटे तीनला जाग यायची ती मग सकाळपर्यंत छताकडे बघत पडायची, जेवण जाईना. सायकियाट्रिस्टनी डिप्रेशनच्या गोळ्या दिल्या, पण प्रार्थना सभेत कुणीतरी म्हणालं की देवावर भरवसा आहे तर गोळ्या कशाला, आणि हिने चौथ्या आठवड्यात त्या एकदम बंद केल्या. मग चक्कर, डोक्यात करंट बसल्यासारखं, रडू थांबेना.

पहिल्या दिवशी ती चेनच्या काळ्या कव्हरमधलं बायबल घेऊन आली. चेन उघडली तर आत गोळ्यांची पट्टी, सासूबाईंना दिसू नये म्हणून तिथे लपवलेली, बंद केल्या तरी टाकवल्या नव्हत्या. स्तोत्रसंहितेच्या पातळ पानांवर त्या गोळ्यांचे गोल उठाव उमटले होते. मला गलबलून आलं ते बघून.

आधी सरळ विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? असं विचारल्याने माणूस काही करून बसत नाही, उलट त्याला बोलता येतं. "झोपेतच गेले तर बरं, असं वाटतं," म्हणाली. तिच्या समोरच नवऱ्याला आत बोलावलं, डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी गोळ्या परत चालू केल्या. त्यांचा फरक जाणवायला दोन ते सहा आठवडे लागू शकतात, बरं वाटल्यावरही साधारण सहा महिने तरी घ्यायला सांगतात आणि बंद करायच्या तर डॉक्टरांना विचारून हळूहळू, हे तिला कुणी नीट सांगितलंच नव्हतं.

मी पण ख्रिस्ती, पण सेशनमध्ये देवाचा विषय मी आपणहून काढत नाही. इथे तिनेच बायबल पुढे केलं, म्हणून १ राजे, १९ वा अध्याय वाचू म्हटलं. एलीया संदेष्टा थकून झुडपाखाली पडलाय, देवाकडे मरण मागतोय. आणि देवदूत उपदेश करत नाही हो, भाकर आणि पाणी देतो, झोपू देतो, मग परत उठवून खाऊ घालतो. देवाशी बोलणं होतं ते त्यानंतर. ती बराच वेळ गप्प होती, मग म्हणाली, "त्याला कुणी अविश्वासी नाही म्हटलं?"

पुढच्या वेळी १३ वं स्तोत्र. सहाच ओव्या, त्यात दावीद चारदा विचारतो, कोठवर? देवाला असं विचारलेलं चालतं हेच तिला नवीन होतं. रात्री छान प्रार्थना सुचली नाही तर तेवढा एकच शब्द म्हणायचा, असं आम्ही ठरवलं.

आशा एका उपासनेत परत येते असं मी कुणाला सांगत नाही, मला ते पटत नाही. आपल्या नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचंच बघा, नवऱ्याने १८९५ ला बाप्तिस्मा घेतला, त्यांनी घेतला तो १९०० मध्ये, मधली वर्षं काय सोपी गेली असतील?

ही चर्चला जायला लागली ती शेवटच्या बाकावर. एका रविवारी तिथे बाळाचा बाप्तिस्मा होता, ती उठून बाहेर पायरीवर जाऊन बसली. उपासना संपल्यावर पाळकसाहेब पाण्याचा ग्लास घेऊन आले, शेजारी बसले, काहीच बोलले नाहीत. "मॅडम, भाकर-पाणी," मला सांगताना ती पहिल्यांदा हसली.

तुम्हीही अशा दिवसांत असाल तर टेली-मानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा सरकारी नंबर चोवीस तास चालू असतो, फुकट आहे, मराठीत बोलता येतं. लावाच.

परवा तिचा फोन आला. रडू येतं अजून, पण झोप लागते. एकदा सासूबाई शुगरची गोळी हातात घेऊन जेवणाआधीची प्रार्थना करत होत्या, तेव्हा हिने आपली पट्टी बायबलमधून काढून त्यांच्या डब्याशेजारी ठेवली, काही न बोलता. आता रात्री त्याच आतून विचारतात, घेतलीस का गं?