विदर्भात दर्भ नाही म्हणता?

प्रश्न: लहानपणापासून ऐकतोय की विदर्भ म्हणजे दर्भ, ते पूजेतलं गवत, नसलेला देश, कुठल्याशा ऋषीच्या पोराला दर्भ टोचला न् त्यानं शाप दिला म्हणे. आता माझी पोरगी विचारते, मग आपल्या आवारात उगवते ते काय? – एक वाचक, महाल, नागपूर

उत्तर: पोरीला आधी शाबासकी द्या. ‘वि’ म्हणजे विना, अशी फोड केली की अर्थ झकास बसतो आणि मग त्याला शापाची गोष्टही चिकटते. पण पोळ्याच्या दिवशीचं पंचांग काढून पाहा, त्याच अमावास्येला ‘दर्भग्रहण’ छापलेलं असते. आपण तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल पुसत बसलेलो अन् भटजी दर्भ तोडायला निघालेले, इथंच, विदर्भात!

खरा घोळ असा की आपण आधी नकाशा काढतो न् मग त्यात माणसं बसवतो, संस्कृतात उलटं आहे. तिथं देशाचं नाव अनेकवचनी, विदर्भाः, म्हणजे आधी ते लोक आणि मग ते राहतात तो मुलूख. कुरु, पांचाल, अंग, वंग सगळे असेच, व्याकरणकार पाणिनीनं तर यासाठी सूत्रच केलंय. जैमिनीय ब्राह्मण या वैदिक ग्रंथात येते की ‘विदर्भेषु’, म्हणजे विदर्भांकडे, माचल नावाचे कुत्रे वाघालाही मारतात. (ताडोबावाल्यांनी मनावर घेऊ नये.)

मग लोकांना नाव कुठून आलं? पुराणं म्हणतात, विदर्भ नावाच्या यादव राजावरून. त्याचा बाप ज्यामघ, त्यानं लढाईत सापडलेली मुलगी रथात घालून घरी आणली, दारात बायको शैब्या उभी, ही कोण म्हणून विचारलं तर गडी असा घाबरला की बोलून गेला, तुझी सून! अन् पोरगा तर झालाच नव्हता. पुढं झाला तो विदर्भ, आणि लग्न त्याच मुलीशी. त्यांचे मुलगे क्रथ आणि कैशिक, म्हणून कालिदास रघुवंशात इथल्या लोकांना क्रथकैशिकही म्हणतो. ही गोष्टही नावावरून मागून रचलेली दिसते, पण गवतापेक्षा मला हीच आवडते बापा.

वऱ्हाड हे नाव वेगळं, अकबराच्या दरबारातला इतिहासकार अबुल फजल ते वर्धा नदीच्या तटावरून, वरदातट असं लावतो.

आणि विदर्भांची लेक ती वैदर्भी, दमयंती, रुक्मिणी, लोपामुद्रा सगळ्या त्याच, तेव्हा पोरीला खुशाल तशी हाक मारा. फक्त आवारातलं ते गवत नुसती हरळी निघाली तर माझ्यावर येऊ नका.