दोन अ‍ॅक्सलच्या जड कॅरव्हॅन ट्रेलरला कारचे टायर चालतील का? (ठाणे)
नाही, त्याच मापाचे पण कमर्शियल, म्हणजे मापाच्या शेवटी 'सी' (C) असलेले टायर घ्या. आधी कळंबोलीच्या एखाद्या वजनकाट्यावर ट्रेलर पाण्यासामानासकट तोलून आणा. ३,००० किलो भरला तर चार टायरांवर सरासरी ७५० येतात, पण भार कधीच सारखा वाटला जात नाही; म्हणून प्रत्येकी निदान ९०० किलो, म्हणजे लोड इंडेक्स (टायर किती भार पेलतो ते सांगणारा आकडा) १०४ हवा. साइडवॉलवर, म्हणजे टायरच्या बाजूवर, १०४/१०२ असं असेल तर पहिला आकडा धरा. टायर कधी बनला ती तारीखही तिथेच बघा: २३२५ म्हणजे २०२५ चा २३वा आठवडा. ट्रेलर महिनोन्‌महिने उन्हात उभा असतो, त्यामुळे टायर बहुधा झिजण्याआधी तडकतात. दुकानात पडून राहिलेला जुना माल स्वस्तात मिळाला तरी नको. मात्र 'सी' टायरांना हवा जास्त लागते, तेवढा दाब रिम आणि व्हॉल्व्हला झेपतो का, ते आधी तपासून घ्या.